अय्युब, तुझा लॅपटॉप उघडला

अय्युब, तू गेलास त्याचा चाळिसावा झाला, त्याच्या तिसऱ्या दिवशी तुझ्या अम्मी दुकानात आल्या. भर दुपारची वेळ, बाजारात चिटपाखरू नाही, आणि या वयात घरापासून एवढ्या लांब पायी. हातात दुपट्ट्यात बांधलेलं गाठोडं होतं. मला वाटलं, चाळिसाव्याला मी नीट जेवलो नव्हतो ते त्यांनी पाहिलं असणार, म्हणून काहीतरी घेऊन आल्या. त्यांनी गाठ सोडली आणि तुझा लॅपटॉप काउंटरवर ठेवला.

"चालू व्हतो बेटा. बत्ती लागती, पंखा फिरतो. पर दिसत कायबी न्हाई. बघ जरा. अय्युबच्या पोरीला कालेजासाठी लागतो."

धारूरच्या बाजारात आपण दोघांनी दुरुस्तीचं हे दुकान टाकलं त्याला सतरा वर्षं झाली. या सतरा वर्षांत हे वाक्य आपण किती जणांच्या तोंडून ऐकलं याला गणती नाही. चालू होतो, पण दिसत नाही. त्यावर तू ठरल्यासारखा म्हणायचास, "बसा. जीव हाय ना, मग विलाज बी हाय." मी अम्मींना पाणी दिलं, नीट करून घरी आणून देतो म्हणालो, आणि त्या गेल्यावर तासभर त्या लॅपटॉपला हात लावला नाही.

तू गेलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी चौकात तुझा फ्लेक्स लागला होता. त्यावर तुझा फोटो आणि खाली 'मनमिळाऊ स्वभाव' असं लिहिलेलं. मनमिळाऊ! माझ्याशी सतरा वर्षं रोज भांडलेला माणूस आणि मनमिळाऊ! तिथंच उभं राहून मला हसू आलं आणि लोकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घालून निघालो. त्या दिवसापासून तुझ्याशी बोलायचं साठत गेलंय. तुझं स्टूल अजून तिथंच आहे. कुणी त्यावर पिशवी ठेवली तरी मी खेकसतो. एखादं मशीन चालू केलं आणि पंखा घरघरला की माझी मान आपोआप तुझ्या बाजूला वळते, आता तू काय म्हणतोस ते ऐकायला.

कारण तू ऐकून सांगायचास. तो तुझ्या अब्बांचा वारसा. ते टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे आणि त्यांचा नियम होता, आधी ऐकायचं, मग बघायचं, स्क्रूड्रायव्हर सगळ्यात शेवटी. तू तो नियम लॅपटॉपला लावलास. मी त्याची टिंगल करायचो. म्हणायचो, टेपात गाणं असतं म्हणून ऐकायचं, ह्यात काय ऐकतोस, पंख्याची घरघर? माझी पद्धत उलटी. मशीन आलं की पालथं घालायचं आणि उघडायचं. तू डोक्याला हात लावायचास. "दत्त्या, तू डाक्टर आसतास तर सर्दीला बी पोट फाडलं आसतंस बे."

त्या दिवशीही मी पोटच फाडलं. तुझा लॅपटॉप पालथा घातला, स्क्रू काढले, बॅटरी सोडवली, बटण दाबून धरून आतली उरलीसुरली वीज जाऊ दिली. रॅम काढून तिच्या पितळी दातांवर खोडरबर फिरवलं, पुन्हा बसवली. चालू केलं. बत्ती लागली, पंखा फिरला, समोर काळंकुट्ट. पुन्हा तेच केलं, दुसरी रॅम लावून पाहिली. काळंच. मग मला खरोखर लाज वाटली. तुझंच मशीन आणि तुझाच क्रम मी पाळला नव्हता.

म्हणून सगळं पुन्हा बंद केलं आणि तुझ्यासारखा कान लावून बसलो. शेजारच्या रसवंतीवाल्याने दारातून डोकावून पाहिलं आणि परत आपल्या चरकाकडे गेला. बटण दाबलं. पंखा आधी जोरात फिरला, मग दम घेतल्यासारखा खाली आला, मग एका लयीत चालू राहिला. तू म्हणायचास, पंखा असा खाली बसला म्हणजे मशीनने आतलं सगळं तपासून घेतलं, त्याचं डोकं ठिकाणावर आहे. कॅप्स लॉकचं बटण दाबलं, छोटा दिवा लागला, विझला. म्हणजे आत सगळं जागं होतं. स्क्रीनवर तिरपा टॉर्च मारून पाहिला, कारण नुसता उजेड गेला असेल तर आतली चित्रं पुसट दिसतात. तिथं काहीच नव्हतं. मग आपला तो जुना मॉनिटर पुसून बाहेरून जोडला.

आणि सगळं दिसलं. पण अय्युब, ती अक्षरं! वीतभर उंच. काळ्याभोर जागेवर पिवळी अक्षरं, एका फोल्डरचं नाव अर्ध्या मॉनिटरवर मावेना. मला वाटलं पोरीने काहीतरी खेळ करून ठेवला असेल. मशीन ठीक, म्हणजे डिस्प्ले तरी गेला किंवा त्याची केबल तरी. मी कडेची चौकट उचलली, चार स्क्रू काढले आणि डिस्प्ले पुढे झुकवून त्याची पाठ बघितली.

पाठीवर माझं अक्षर होतं.

आपल्या दुकानाची रीत आहे की कोणत्याही मशीनमधून काढलेल्या भागावर मार्करने लिहायचं, कशातून काढला, काय झालंय. ही रीत तूच सुरू केलीस, कारण मी एकदा मेलेला भाग चांगला समजून गिऱ्हाइकाला बसवला होता. तुझ्या लॅपटॉपमधल्या डिस्प्लेवर माझ्या हाताने लिहिलेलं होतं, 'पूर्ण डेड, भंगार.' आणि खाली माझी सही. मी स्वतः तो मागच्या खोक्यात टाकला होता. असला डिस्प्ले कुणी चुकून बसवत नाही, आणि तू तर मुळीच नाही. त्याची केबल तू व्यवस्थित लावली होतीस, वरून चिकटपट्टीसुद्धा. मेलेल्या डिस्प्लेला एवढ्या निगुतीने कुणी बसवतं का रे?

मग नेकनूरची ती पोरगी आठवली, नर्सिंगला असलेली. तिचा डिस्प्ले फुटला होता, परीक्षा तोंडावर होती आणि त्या मापाचा डिस्प्ले बीडलाही मिळत नव्हता. मी तिला सरळ सांगितलं, आठ दिवस लागतील. दुसऱ्या दिवशी तू तिचं मशीन चालू करून दिलंस. मी विचारलं, कुठून आणलास? तू म्हणालास, "व्हता एक पडून." तो तुझ्या लॅपटॉपमधला होता. तुझ्या ठिकाणी मी असतो तर मीही कदाचित दिला असता, खोटं कशाला बोलू, पण माझ्यासाठी दुसरा मागवला असता. तू मागवला नाहीस. तुला त्याची गरज राहिली नव्हती.

हे मला लगेच कळलं असं समजू नकोस. तुला ठाऊक आहे माझी ट्यूब उशिरा पेटते. मॉनिटरवरची ती पिवळी अक्षरं बघत मी नुसता बसलो होतो. अम्मींच्या गाठोड्यात तुझे इयरफोनही होते. एका कानाचं रबर तुटलेलं, तेच जे दिवसभर तुझ्या कानात असायचा. मी गिऱ्हाइकांसमोर किती वेळा म्हणालो असेन, "कानातलं काढ बे, मानूस बोलतंय तुझ्याशी." मला वाटायचं तू क्रिकेट ऐकतोस. मी तो कानात घातला, पिन लावली आणि बाण हलवायचं बटण दाबलं.

आतून एक बाई बोलायला लागली. हिंदीत. स्क्रीनवर जे लिहिलेलं होतं तेच ती वाचत होती, पण इतक्या वेगाने की मला एक शब्द कळेना. भर दुपारी, दार सताड उघडं, बाहेर ऊन, आणि मी मशीनला घाबरून इयरफोन ओढून काढला. पुन्हा लावला. पुन्हा बटण दाबलं. ती पुन्हा बोलली, फोडणी तडतडावी तशी भराभर. तो वेग तू ठरवला होतास. त्या वेगाने तुला समजत होतं. तिथवर यायला माणसाला किती महिने लागत असतील, अय्युब? घरी लॅपटॉपवर, दुकानात मोबाईलवर, तुझ्या कानात दोन वर्षं तरी ती बाई बोलत होती आणि मी तीन हातांवर बसून तुला क्रिकेटचा स्कोर विचारत होतो. तू तोही काहीतरी ठोकून द्यायचास.

त्यानंतर मी काही काम केलं नाही. एकेका जुन्या गोष्टीचा अर्थ उलटा व्हायला लागला. तू मला बोर्डाचा तुकडा पुढे करून विचारलं होतंस, "ह्यावरचा नंबर तुला दिसतो का रे?" मी म्हणालो, "चष्मा लाव की, म्हातारा झालास." तू हसलास आणि विषय बदललास. एकदा मी जेवून आलो तर तू फरशीवर बसलेला, दोन्ही तळवे जमिनीवर. मी विचारलं, "हे काय?" तू म्हणालास, "फरशी गार हाय. लई बरं वाटायलंय." गिऱ्हाईक ताटकळतंय आणि हा गारवा घेतोय, असं मनात म्हणत मी तुला ओलांडून आत गेलो. आता मला पक्कं वाटतं की तू पडलेला स्क्रू शोधत होतास. मी दोन पावलांवर होतो. मला तो सहज दिसला असता.

आणि मग ते भांडण. त्याबद्दल लिहायचं टाळत इथवर आलो.

हेडमास्तरांचं मशीन होतं, चार्जिंगचं सॉकेट बदलायचं होतं. तुझ्यासाठी डाव्या हाताचं काम. तुझी सोल्डरची तापलेली कांडी सरकली आणि शेजारचा भाग जळाला. बोर्डच गेला. हेडमास्तर समोर उभे, अजून दोन जण बाकावर. त्याआधी महिनाभर तू सगळं बारीक काम माझ्याकडे सरकवत होतास, नुसतं साफसफाईचं तेवढं करत होतास, माझ्या डोक्यात ते साचलेलं होतंच. मी सगळ्यांदेखत ओरडलो. "तुझं कामात ध्यान न्हाई. फुकट बसून खायची सवय लागली तुला. उद्यापास्नं ह्या टेबलाला हात लावू नको. पार्सल आणत जा, तेवढं तरी जमतंय का बघ."

तू वाद घातला नाहीस. सतरा वर्षांत पहिल्यांदा. कांडी स्टँडवर ठेवलीस, स्विच बंद केलास आणि म्हणालास, "बरं." मला वाटलं, चुकला म्हणून गप्प बसला. त्या रात्री मला शांत झोपही लागली असेल.

दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी तू बसस्टँडवर जायला लागलास. बीडहून येणाऱ्या एसटीत आपलं सुट्या भागांचं पार्सल असायचं, कंडक्टरकडून घ्यायचं आणि यायचं. थंडीचे दिवस, गाडी यायची तेव्हा दिवस मावळलेला. तुला उशीर व्हायला लागला. दहा मिनिटांच्या वाटेला तू पाऊण तास लावायचास. मी टोमणे मारायचो, धारूरचा किल्ला बघून आलास का? तू पार्सल टेबलावर ठेवायचास आणि स्टुलावर बसायचास. कपाळाला एकदा खोक पडलेली होती. "शटराला लागलं," म्हणालास.

तेवीस दिवस तू गेलास. चोविसाव्या दिवशी स्टँडसमोर उसाची ट्रॉली मागे येत होती. लोकांनी सांगितलं, ट्रॉलीला मागे लाईट नव्हता, ड्रायव्हरची चूक. मीही तेच सांगत फिरलो. दफनाच्या वेळी, नंतर पोलिसांत, घरी बायकोला, सगळीकडे. ड्रायव्हरला मी एवढ्या शिव्या दिल्या की माझंच मला समाधान वाटायचं. त्या दिवशी तुझा इयरफोन हातात घेऊन बसलो तेव्हा त्या सगळ्या शिव्या परत माझ्याकडे आल्या. दिवस मावळल्यावर तुला त्या रस्त्यावर कुणी पाठवलं, हे त्या ड्रायव्हरला माहीत नाही. मला माहीत आहे.

मी तुझ्यावर चिडलोसुद्धा, खरं सांगतो. एकटाच दुकानात मोठ्याने बोललो. कावून सांगितलं न्हाईस बे? एक शब्द सांगितला असतास तर मी तुला गादीवर बसवून गिऱ्हाइकांशी नुसतं बोलायला लावलं असतं. कान लावून तू सांगितलं असतंस, हात मी चालवला असता. तुझ्या अब्बांचा नियम आणि माझी घाई, दोन्ही मिळून एक चांगला मेकॅनिक झाला असता. मग वाटलं, हे मी आज म्हणतोय. तेव्हा तू सांगायला तोंड उघडलं असतंस तर मी ऐकलं असतं का? चष्मा लाव म्हणालो होतो.

नवा डिस्प्ले मागवला, तो यायला आठ दिवस लागले. पार्सल आणायला मीच गेलो. बसवला, अक्षरं मात्र बदलली नाहीत, ती बाईही बंद केली नाही. ते माझ्या हाताने होईना. पोरगी तिला हवं ते करून घेईल. काल दुपारी लॅपटॉप घेऊन तुझ्या घरी गेलो. जाताना एकच ठरवलं होतं, घरी कुणाला काही माहीत नसेल तर डोळ्यांचं मीच सांगायचं, आणि पाठवणारा मी होतो हेही सांगायचं. ते सांगितल्याशिवाय मला तुझ्या दारात यायचा हक्क नाही असं वाटत होतं.

तुझ्यामागे भाभींची चार महिने दहा दिवसांची इद्दत चालू आहे, परक्या पुरुषासमोर यायचं नाही, म्हणून त्या समोर आल्या नाहीत. आतल्या दाराच्या पडद्याआड बसल्या. अम्मींनी लॅपटॉप उघडून बघितला, उजेड पडला तसं त्यांना बरं वाटलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवून त्यांनी दोन्ही हातांची बोटं आपल्या कानशिलावर मोडली. मग नमाजची वेळ झाली म्हणून त्या आतल्या खोलीत गेल्या. मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात भाभीच बोलल्या.

"दत्ताभाऊ, तुमाला सांगायचं राहून गेलतं. लई केलं तुमी त्यांच्यासाठी."

मी पडद्याकडे बघितलं.

"त्यांचे डोळे गेले तसं ते मला म्हनले, आता दुकान सुटतंय. काचबिंदू व्हता, डाक्टरनं हात टेकले व्हते. मी म्हनलं, दत्ताभाऊंना सांगा. मग एक दिवस घरी आले आन् म्हनले, सांगितलं. दत्त्याला समदं म्हाईत हाय. बारीक काम त्यानं सोताकडं घेतलं, मला भायरचं हलकं काम दिलं, बसवून न्हाई ठेवलं. त्या दिवशी लई दिवसांनी जेवले पोटभर."

अय्युब, हा तू काय प्रकार केलास? कोणत्या तोंडाने जेवलास? मी तुझा चारचौघांत पाणउतारा केला, त्याच संध्याकाळी तू घरी जाऊन त्यातून माझा चांगुलपणा बनवलास. मला माफ करून तू तसं बोललास की तुझी स्वतःची लाज झाकायला, ते मला आता कधीच कळणार नाही. मला हे दोन्ही सहन होत नाही.

मी सांगितलं, भाभींना. सगळं. म्हणालो, मला काही म्हाईत नव्हतं. मी त्याला रागाने टेबलावरून उठवलं, गिऱ्हाइकांपुढं फुकटखाऊ म्हणालो, आणि त्या रागापायीच रोज संध्याकाळी त्याला रस्त्यावर धाडत व्हतो. तुमी उपकार मानू नका.

पडदा हलला नाही. आत अम्मींच्या हातातल्या बांगड्यांचा आवाज येत होता, उठताना, वाकताना. मला वाटलं, भाभी उठून गेल्या. आता मला कुणी जा म्हणेल, मग मी जाईन, आणि तेच बरं होईल.

"भाऊ," शेवटी आवाज आला. रडण्याचा नव्हता. "माझ्यापाशी बोललात, बास झालं. पर अम्मींना हे कदी सांगू नका. पाची वक्ताला त्या तुमच्यासाठी दुवा मागत्यात. माझ्या पोराला आंधारात कुनी टाकलं न्हाई, त्याचा दोस्त संगं व्हता, एवढ्यावर त्या तगून हायत. ते काढून घेऊ नका त्यांच्याकडून."

म्हणजे मी शिक्षा मागायला गेलो होतो आणि भाभींनी मला ती दिली. मी मान हलवली. पडद्याआडून ते त्यांना दिसलं नसणार, म्हणून तोंडाने म्हणालो, "न्हाई सांगत."

अम्मी बाहेर आल्या, माझ्याकडे बघून हसल्या, चहा घेऊनच जा म्हणाल्या. मी प्यालो. निरोप घेताना त्यांनी तोंडातल्या तोंडात दुवा पुटपुटून माझ्या अंगावर फुंकर घातली.

आज सकाळपासून दुकानात आहे, काम चाललंय. आपल्या गल्लीत अजान स्पष्ट ऐकू येते, तू तर वेळेच्या आधीच चप्पल शोधायचास. आज दुपारची झाली तेव्हा एका बोर्डावर माझी कांडी चालू होती. मी ती स्टँडवर ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिलो. गिऱ्हाइकाने विचारलं, काय झालं? काही नाही म्हणालो. गावाच्या त्या टोकाला अम्मी त्या वेळी माझं नाव घेत होत्या, अय्युब, आणि मला त्यांना थांबवता येत नाही.